चिंगी यायच्या आधी

कुत्री दत्तक देणाऱ्या संस्थेच्या फॉर्ममधला १७ वा प्रश्न असा होता : 'यापूर्वी तुमच्याकडे कुत्रा होता का? असल्यास त्याचं काय झालं?' उत्तरासाठी दोन ओळींची जागा होती. मी लिहिलं, 'होता. पाच वर्षांचा असताना अपघातात गेला.' आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. बाकीची उत्तरं मी इतकी भरभरून लिहिली होती की काही ठिकाणी अक्षरं समासात शिरली होती. या एका प्रश्नाखाली मात्र एक ओळ कोरीच राहिली.

चिंगीला आम्ही तोवर फक्त व्हिडिओत पाहिलं होतं. वय साधारण ३ वर्षं, वजन १४ किलो, तांबूस अंग, डाव्या कानाचं टोक तुटलेलं. एका बंद पडलेल्या इमारतीच्या आवारात ती सापडली तेव्हा अंगभर खरूज होती. चार महिने ती फॉस्टर घरी, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळणाऱ्या एकीच्या घरी होती. तिथे केस परत आले, जंतांचं औषध झालं, लसी झाल्या, नसबंदी झाली. व्हिडिओत ती खोलीच्या कोपऱ्यात बसून दाराकडे बघत होती. मुलगा म्हणाला, "हीच." मी ती बघत असलेलं दार बघत होते. ते नीट लावलेलं होतं.

आठवड्याने संस्थेतून फोन आला. "येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी घर बघायला येते. अकरा वाजता. घरातले सगळे असाल तर बरं." हातात नऊ दिवस होते.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला राग आला. आपण एका मुक्या जिवाला घर द्यायला निघालोय आणि वर आपलीच तपासणी? असं वाटणारी मी एकटी नसणार. पण तो राग दोन दिवसही टिकला नाही. चार महिने ज्यांनी तिच्या अंगाला रोज मलम लावलं, त्यांनी तिला अनोळखी माणसाच्या गाडीत बसवण्याआधी त्याचा उंबरठा बघायला मागितला तर त्यात वावगं काय? आता तर मी म्हणेन, काही न विचारता कुत्रा हातात देणाऱ्यांपासून लांबच राहावं.

ते पहिले दोन दिवस मी घर घासण्यात घालवले. पडदे धुतले, सोफ्याच्या खोळी बदलल्या, माळ्यावरचं सामानसुद्धा आवरलं. तिसऱ्या दिवशी तिच्या फॉस्टरशी बोलणं झालं. ती म्हणाली, "पडदे राहू देत. गुडघ्यांवर या आणि एकेक खोली रांगत फिरा. जे तोंडाला लागेल ते तिच्या तोंडाला लागणार."

म्हणून रांगले. बाहेरच्या खोलीत पाच मिनिटांत तीन गोष्टी सापडल्या. टीव्हीमागे वायरींचा गुंता. आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, खुर्चीशेजारच्या बुटक्या टीपॉयवर गोळ्यांचा डबा, त्याचं झाकण कधीचंच सैल झालेलं. आपण अंग दुखलं की सहज घेतो त्या आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉलच्या गोळ्या कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात. तिसरी गोष्ट मला आधी कळलीच नसती. नवऱ्याची ऑफिसची बॅग जमिनीवर टेकवलेली असते आणि तिच्या बाजूच्या खिशात शुगर-फ्री च्युइंगगम असतं. त्यातल्या बऱ्याच गमांमध्ये साखरेऐवजी झायलिटॉल असतं. माणसाला त्याने काही होत नाही, पण कुत्र्याच्या शरीरात इन्सुलिन एकदम वाढतं आणि रक्तातली साखर झपाट्याने उतरते, कधी कधी अर्ध्या तासातच. त्या दिवसापासून बॅग खुंटीवर गेली.

स्वयंपाकघरात कचऱ्याच्या डब्याला झाकण नव्हतं आणि कांदे-लसूण सगळ्यात खालच्या कप्प्यात होते. कांदा आणि लसूण, दोन्हींमुळे कुत्र्याच्या लाल रक्तपेशी फुटतात. मुलाच्या दप्तरात चॉकलेट आणि मनुका निघाल्या. मनुका आणि द्राक्षांमुळे मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि 'एवढ्या खाल्ल्या तरी चालतील' असा भरवशाचा आकडा कुणी देत नाही. मुलाने स्वतःहून दप्तरासाठी खुर्चीऐवजी कपाटातली जागा ठरवली आणि त्यावर चिंगीच्या नावाची चिठ्ठी चिकटवली.

अवघड गेलं ते अंगणातलं झाड. सायकस. सासऱ्यांनी लावलेलं, बारा वर्षांचं, त्यांच्या हातचं शेवटचं. त्याचा प्रत्येक भाग कुत्र्याला विषारी असतो आणि बिया तर सगळ्यात घातक, थेट यकृतावर घाला घालतात. मी दोन दिवस ते आईंना सांगू शकले नाही. भोवती कुंपण घालू का, उंचावर नेता येईल का, असले विचार करत राहिले. शेवटी मुलानेच जेवताना सांगून टाकलं. आई जरा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "झाड कुठंही जगेल. ज्यांच्याकडे कुत्रं-मांजर नाही अशांना दे." चौघांनी मिळून ते मुळांसकट काढलं. काढताना आईंनी एकदाच पानांवरून हात फिरवला.

पाचव्या दिवशी रात्री आम्ही बसून वेळांचा तक्ता केला. मला वाटलं होतं दहा मिनिटांत होईल, दीड तास लागला. सकाळी लवकर बाहेर कोण नेणार? "मी," असं तिघं एकदम म्हणाले, आणि मग पावसात, तापात, परीक्षेच्या दिवसांत कोण, असं विचारल्यावर तिघंही थांबले. मंगळवारी आणि गुरुवारी घरात साडेचार तास कुणीच नसतं हे आम्हाला त्या तक्त्यामुळे पहिल्यांदा दिसलं. आम्ही गावाला गेलो तर? ती आजारी पडली तर त्या खर्चासाठी वेगळे पैसे कुठे ठेवायचे? नवऱ्याने एक प्रश्न विचारला तो मला आवडला नव्हता, पण रास्त होता : "आणि तिला आपण नाहीच आवडलो तर?" आम्ही ठरवलं की तीन महिने हा प्रश्न काढायचा नाही. रेस्क्यू कुत्र्यांच्या बाबतीत तीनचा एक ढोबळ हिशेब सांगतात : पहिले तीन दिवस भांबावलेले, तीन आठवड्यांत घराची लय कळते, तीन महिन्यांत घर आपलं वाटू लागतं. प्रत्येक कुत्र्याला तो जसाच्या तसा लागू होत नाही, तरी तीन दिवसांत निकाल लावायला बसू नये एवढं त्यातून कळतं.

रविवारी अकराला पाच मिनिटं असताना ती आली. पंचविशीतली मुलगी, खांद्याला कापडी पिशवी, हातात वही. आम्ही सोफ्यावर जागा केली होती, ती सरळ जमिनीवर बसली. पाणी प्यायली, आणि पहिला प्रश्न तिने आम्हा मोठ्यांना न विचारता मुलाला विचारला.

"चिंगी जेवत असेल तेव्हा तू काय करशील?"

"तिच्या शेजारी बसेन. तिला एकटं वाटू नये म्हणून."

"छान आहेस तू. पण तिला बरेच दिवस पोटभर मिळालं नव्हतं. शेजारी कुणी बसलं तर तिला वाटेल, हा माझं घेणार. म्हणून जेवताना तिला एकटं सोडायचं. आणि झोपलेली असताना?"

मुलाने माझ्याकडे पाहिलं. "हात नाही लावायचा?"

"लांबून नाव घ्यायचं. आली तर आली." मग तिने त्याला कुत्र्याची भाषा थोडी समजावली. झोप आली नसताना जांभई देणं, समोर खाणं नसताना ओठ चाटणं, मान तिकडे आणि डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असं तिरकं बघणं. यातलं काही दिसलं की ती 'पुरे' म्हणतेय असं समजायचं. मुलगा आरशासमोर जाऊन तिरकं बघून आला.

नंतर ती घरभर हिंडली. कचऱ्याचा डबा, औषधांचा कप्पा, जिन्याखालची चिंगीची जागा. तिथे आम्ही क्रेट, म्हणजे कुत्र्याचा पिंजरा ठेवला होता, दार काढून, तीन बाजूंनी चादर टाकून, पाठ भिंतीला लागेल असा. ती स्वतः वाकून आत डोकावली आणि म्हणाली, "इथून तिला खोली दिसते, पण तिच्या अंगावरून कुणाची ये-जा होत नाही. चांगली आहे जागा." गुळगुळीत फरशीवर आम्ही अंथरलेली सतरंजी तिने पायाने सरकवून पाहिली. ती सरकली. "खाली रबरी जाळी घाला. एकदा पाय घसरला तर ती ही खोली ओलांडायचीच नाही." अंगणाची भिंत तिला पुरेशी उंच वाटली, पण फाटकाखालच्या फटीत तिने हात घातला. वीतभर फट होती. "घाबरलेलं कुत्रं यातून निघतं. पसरट होतं आणि निघतं." नवऱ्याने तिथल्या तिथे माप घेतलं.

आईंपाशी ती सगळ्यात जास्त वेळ बसली. आईंना गुडघ्यांमुळे काठी लागते. चिंगीला काठी दिसली की ती जमिनीला चिकटते आणि शू करते, हे फॉस्टरने तिला सांगून ठेवलं होतं. आम्हाला हे माहीत नव्हतं. माझ्या पोटात खड्डा पडला, वाटलं, संपलं. ती मात्र आईंना विचारत होती, "आजी, तुम्हाला तिची भीती वाटते का? खरं सांगा."

"तिची नाही वाटत. पायात आली आणि पडले तर, याची वाटते."

"बरोबर आहे तुमचं." तिने वहीत लिहिलं, आणि मग दोघींसाठी एकच उपाय सांगितला. फॉस्टर घरी आतापासून रोज एक काठी जमिनीवर आडवी पडलेली असेल आणि तिच्या आसपास खाऊ टाकलेला असेल. कुणी ती उचलणार नाही. चिंगीला जितकं जवळ जावंसं वाटेल तितकंच ती जाईल. इकडे आईंची उठण्याची, चालण्याची वेळ ठरवायची आणि त्या वेळी चिंगी जाळीच्या पलीकडे असेल, निदान पहिले काही आठवडे. आईंनी आपली जुनी काठी दिली. "हीच न्या. वास तरी ओळखीचा होईल."

इथवर सगळं बरं चाललं होतं. मग ती उठली, चपला घातल्या आणि म्हणाली, "मी बाहेर जाऊन बेल वाजवते. नेहमी जसं होतं तसंच होऊ द्या."

बेल वाजली. मुलगा नेहमीसारखा धावला आणि त्याने दार सताड उघडलं. ती दारात उभी होती. तिच्या मागे अंगणाचं फाटक होतं, येताना तिने मुद्दाम उघडं ठेवलेलं, आणि फाटकापलीकडे रस्ता.

ती आत आली, पुन्हा जमिनीवर बसली. वही उघडली. मला कळलं की आता १७ वा प्रश्न येणार.

"आधीच्या कुत्र्याचा अपघात कसा झाला, सांगाल? दोन कारणांसाठी विचारते. कुणी 'आजाराने गेला' म्हणालं तरी मी विचारते, कारण पार्वोसारखा विषाणू घरात, अंगणात कित्येक महिने टिकून राहू शकतो आणि साध्या साबणाने जात नाही."

"आणि दुसरं कारण?"

"ते तुम्ही सांगितल्यावर."

मी सांगितलं. त्याचं नाव भुऱ्या होतं. सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. सामान घेऊन माणूस आला होता, माझे दोन्ही हात भरलेले, दार पायाने उघडं धरलं होतं. फाटक त्या माणसाने लावलं नव्हतं आणि मी बघितलं नव्हतं. भुऱ्या माझ्या पायाला घासून बाहेर गेला. मी हाक मारत मागे धावले आणि तो खेळ समजून आणखी जोरात पळाला. मला ब्रेकचा आवाज ऐकू आला. मुलगा तेव्हा तीन वर्षांचा होता, त्याला आम्ही 'भुऱ्या देवाघरी गेला' एवढंच सांगितलं होतं. आता तो समोर बसून सगळं ऐकत होता.

फॉर्मवर एक ओळ का लिहिली, तेही सांगितलं. वाटलं होतं, खरं लिहिलं तर कुत्रा मिळणार नाही. आणि मिळू नये असंही कुठेतरी वाटत होतं.

तिने दोष दिला नाही आणि धीरही दिला नाही. तिने विचारलं, "त्यानंतर दारात काय बदललं?"

मी दाराकडे पाहिलं. नवऱ्यानेही. सहा वर्षांत आम्ही त्या दाराला दोनदा रंग दिला होता. बाकी काहीच बदललं नव्हतं. कुत्राच नाही तर कशाला बदलायचं, इतका साधा विचार आम्ही केला होता. नऊ दिवस मी औषधं, मनुका, वायरी सगळं हुडकून काढत होते, आणि ज्या जागी माझा कुत्रा गेला त्या जागेवरून रोज वीस वेळा ये-जा करत होते. तिथे माझी नजर गेलीच नव्हती. मी ती जाऊच दिली नव्हती.

"हेच दुसरं कारण," ती म्हणाली. "नवीन कुत्र्याला पहिल्या दिवसांत हे घर आपलं आहे हे माहीत नसतं. नावाला ओळख देत नाही. निसटलं तर ते घराकडे येत नाही, नुसतं पळतं. आणि मागे धावलं की अजून लांब जातं." म्हणून दोन दारं हवीत, एक उघडताना दुसरं बंद असलंच पाहिजे. बाहेर नेताना दोन पट्टे, एक छातीभोवती घालायच्या हार्नेसला आणि एक गळ्यातल्या मार्टिंगेल कॉलरला. ही कॉलर ओढल्यावर थोडी आवळते, त्यामुळे कुत्र्याला डोकं मागे खेचून सुटता येत नाही. चिंगीच्या मानेजवळ तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप आहे, पण ती कुत्रा कुठे आहे ते सांगत नाही. तिच्यात फक्त एक नंबर असतो. कुणाला कुत्रा सापडला आणि त्याने स्कॅन करून घेतलं तरच उपयोग, तोही नंबरापुढे आमचं नाव आणि फोन नोंदवलेला असेल तर. "चिपच्या भरवशावर दार उघडं ठेवायचं नाही."

आम्हाला नकार मिळाला नाही. होकारही मिळाला नाही. "दाराचं काम करा, मला व्हिडिओ पाठवा. मग बघू."

त्या दोन आठवड्यांत जे केलं त्याला मी खरी तयारी म्हणेन. मुख्य दारापासून चार पावलं आत नवऱ्याने छातीपर्यंत उंच जाळीचं दार बसवलं. त्याची कडी मुलाच्या हाताला येईल पण नाकाने ढकलून उघडणार नाही अशी. फाटकाला आपोआप मिटणारी स्प्रिंग लावली आणि खालच्या फटीला लोखंडी पट्टी. फाटकावर पाटी : 'फाटक लावून मगच बेल वाजवा.' ही कामं एका रविवारी झाली. वेळ लागला तो आमच्या सवयीला. कुत्रा घरात नसताना आम्ही कुत्रा असल्यासारखं वागायला शिकत होतो. दुसऱ्या दिवशी मी स्वतःच जाळीचं दार उघडं टाकून बाहेरचं उघडलं. मुलगा मागून ओरडला, "आई, चिंगी गेली!" घरात चिंगी नव्हती. तरी माझे हात थरथरत होते. त्या रात्री तो माझ्याजवळ येऊन झोपला आणि भुऱ्याबद्दल विचारत राहिला : कुठल्या रंगाचा होता, कुठे झोपायचा, मला चाटायचा का. सहा वर्षांनी आम्ही त्याच्याबद्दल बोललो.

दहाव्या दिवशी व्हिडिओ पाठवला. बेल वाजते, मुलगा जाळीपाशी थांबतो, मागे वळून बघतो, कडी लावतो, ओढून बघतो, मग पुढे. तिचं उत्तर आलं : "शनिवारी आणते."

येताना तिने चिंगीची न धुतलेली चादर आणली, क्रेटमध्ये घालायला. आम्ही कुणी उठून पुढे गेलो नाही, तसंच सांगितलेलं होतं. चिंगी भिंतीच्या कडेकडेने क्रेटपर्यंत गेली, चादर हुंगली आणि आत शिरली. पहिले दोन दिवस ती फक्त शी-शूला बाहेर आली, दोन पट्ट्यांवर, पोट जमिनीला टेकवत. रात्री रडायची. तक्त्याप्रमाणे मी आणि नवरा आळीपाळीने क्रेटपासून थोडं लांब गादी टाकून झोपत होतो. जेवण ती आम्ही सगळे खोलीबाहेर गेल्यावरच खायची. चौथ्या रात्री तिने माझ्या गादीची कड हुंगली आणि परत गेली.

बाराव्या दिवशी दुपारी बेल वाजली. मुलगा उठून धावला आणि जाळीपाशी थांबला. कडीवर हात ठेवून त्याने आत हाक मारली, "आजी, चिंगी कुठे?"

"माझ्यापाशी आहे," आई म्हणाल्या.

त्या खुर्चीत होत्या, काठी पायांशी आडवी पडलेली. चिंगी काठीपासून हातभर लांब बसली होती, कान दाराकडे लावून. मुलाने कडी ओढून पाहिली. मग बाहेरचं दार उघडलं.